चौदाव्या वर्षानंतर पुस्तक कोठे हरवते?

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात शेंद्रा लागते. मांगीरबाबांच्या यात्रेमुळे पंचक्रोशीला ठाऊक असलेले हे गाव गेल्या पंचवीस वर्षांत औद्योगिक महाराष्ट्राच्या नकाशावर ठळक झाले. २००१ साली येथे स्कोडाच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘ऑरिक’ या नियोजित औद्योगिक नगरीच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांचा हा विस्तार आहे. वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचा विचार येथे झाला, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा विचार झाला, कामाच्या जागेजवळच घर असावे याचाही विचार झाला. हे सारे अभिमानास्पदच आहे.

परंतु या नगरीच्या छायेत वाढणारा, नववीच्या वर्गात बसणारा मुलगा संध्याकाळी ग्रंथालयाच्या दारात उभा राहिला, तर त्याच्या हाती कोणते पुस्तक पडणार? कुंभेफळ, लाडगाव, करमाड परिसरातील अनेक घरांत आजोबांनी नांगर धरला, वडील पाळीवर यंत्र चालवतात आणि नातू अभियंता व्हावा अशी सर्वांची इच्छा असते. एका पिढीत एवढे मोठे स्थित्यंतर होत असताना त्या नातवाचे मन कोण घडवणार? शिकवणीवर्ग त्याला गुण मिळवून देतील, मोबाइल त्याचा वेळ घेईल. मन घडवण्याचे काम मात्र आजही पुस्तकच करते. आणि नेमके या वयाचे पुस्तक समाजाच्या खरेदीच्या यादीतून गळालेले आहे.

चौदाची सीमारेषा

आपल्याकडे मुलांच्या वाचनाचा सारा विचार चौदाव्या वर्षी संपतो, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि गोष्टींची पुस्तके असावीत असे सांगितले, पण तो कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आणि आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेले ‘किशोर’ मासिक हे महाराष्ट्राचे भूषण आहे. मात्र नाव ‘किशोर’ असले तरी त्याचाही वाचक मुख्यतः ८ ते १४ वर्षांचाच मानलेला आहे. साहित्य अकादमीने २०१० पासून स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, त्याचे नावही बालसाहित्य पुरस्कार असेच आहे. सार्वजनिक ग्रंथालयात ‘बालविभाग’ असतो. त्या कपाटातील चित्रांची, ससा-कासवांची पुस्तके पाहून चौदा वर्षांचा मुलगा लाजतो. दुसऱ्या टोकाला प्रौढांच्या कादंबऱ्या, चरित्रे आणि ग्रंथावल्यांचे खंड असतात. ते पाहून तो बिचकतो. या दोन कपाटांच्या मध्ये जी जागा असते, तेथे उभे राहून तो खिशातून मोबाइल काढतो. दोष मग मोबाइलला दिला जातो!

तेरा ते सतरा हे वय म्हणजे प्रश्न पडण्याचे वय. आई-वडिलांचे म्हणणे तपासून पाहण्याचे, मित्राच्या शब्दाला प्रमाण मानण्याचे, एखाद्या ध्येयासाठी वेडे होण्याचे वय. गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी शाळा आणि घर सोडून स्वातंत्र्यलढ्यात उडी घेण्यासाठी बाहेर पडले, ते याच वयाच्या उर्मीतून. ज्या वयात माणूस आयुष्याची दिशा ठरवतो, त्याच वयात समाजाने त्याच्या हातातील पुस्तक काढून घ्यावे आणि तेथे केवळ प्रश्नसंच ठेवावा, याला दूरदृष्टी म्हणावे काय?

मार्चअखेरची खरेदी

महाराष्ट्राला ग्रंथालयांची परंपरा नाही असे कोणी म्हणणार नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला. अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली शासनमान्य ग्रंथालये आज दहा हजारांहून अधिक आहेत. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या अनुदानात ६० टक्के वाढ मान्य केली. कोलकात्याचे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांच्या सहकार्याने ग्रंथालयांना पुस्तके पुरवत आहे. ग्रंथालय संचालनालय निवडक पुस्तकांच्या याद्याही प्रसिद्ध करते. अर्थात व्यवस्था आहे, पैसाही थोडाफार आहे. मग उणीव कोठे आहे?

उणीव निवडीत आहे. लहान गावातील ग्रंथालयाचा बराचसा निधी वेतन आणि किरकोळ खर्चातच संपतो. उरलेल्या रकमेची पुस्तके पुष्कळदा मार्चअखेरच्या घाईत घेतली जातात. विक्रेत्याने आणलेल्या यादीतून जेथे सवलत अधिक, तेथे संख्या अधिक. दाखल नोंदवहीत पुस्तकांचे आकडे भरतात, तपासणीचे सोपस्कार पूर्ण होतात आणि पाने न उलगडलेली पुस्तके कपाटात जातात. या साऱ्या व्यवहारात नववीतील मुलाला किंवा अकरावीतील मुलीला ‘तुला काय वाचायला आवडेल?’ असे विचारणारा कोणी नसतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय. नव्वद वर्षे उलटून गेली तरी किशोरवयीन वाचकाला ही सूत्रे लागू झालेली दिसत नाहीत.

शेंद्र्यासारख्या परिसराची अडचण तर दुहेरी आहे. २०१२ साली राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावरच चालणारी ग्रंथालये उघडकीस आली, हे योग्यच झाले. पण त्यानंतर कित्येक वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे आणि दर्जावाढ करणे थांबले. नेमक्या त्याच काळात औद्योगिक पट्ट्यांत नव्या वसाहती उभ्या राहिल्या. लबाडी केली जुन्यांनी आणि शिक्षा भोगली नव्या वस्त्यांतील मुलांनी!

दोष केवळ शासनाचा नव्हे

तथापि सर्व खापर शासनाच्या माथी फोडून मोकळे होणे सोपे आहे. विचारी मध्यमवर्गीय कुटुंबांनी आणि समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही या बाबतीत अंतर्मुख व्हायला हवे. ‘मुले वाचत नाहीत’ अशी तक्रार ज्या दिवाणखान्यात चालते, तेथील काचेच्या कपाटात ‘माझी जन्मठेप’ आणि ‘राजा शिवछत्रपती’ असतात. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली कोठे आहे ते कोणालाच आठवत नसते. वाढदिवसाला मुलाला मोबाइल दिला जातो. पुस्तक मात्र ‘अभ्यासात व्यत्यय’ ठरते. दहावीच्या वर्षी तर घरात गोष्टीचे पुस्तक दिसणे हाच अपराध मानला जातो.

याहून सूक्ष्म असा दुसरा दोष आहे. किशोरांसाठी काही द्यायचेच झाले तर दहा-पंधरा रुपयांची, बत्तीस पानांची उपदेशपर पुस्तिका दिली जाते. थोर पुरुष जन्मला, लहानपणापासूनच थोर होता, थोरपणेच गेला, अशा धाटणीची ही चरित्रे असतात. त्यांत संशय नाही, चूक नाही, भीती नाही, पश्चात्तापही नाही. स्वतःच्या मनात रोज भीतीशी आणि चुकीशी झगडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला अशा चरित्रनायकाशी काय नाते वाटणार? संस्कार ही स्वस्तात घाऊक वाटण्याची वस्तू नाही. सानेगुरुजींनी तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली तेव्हा श्यामच्या चुका लपवल्या नाहीत, म्हणूनच ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. चांगले पुस्तक मुलाला शहाणे मानते, त्याला विचार करू देते. ज्या पुस्तकाला मुलाच्या बुद्धीवर विश्वास नाही, ते पुस्तक मूलही खाली ठेवते.

याच भूमीतील किशोर

मराठवाड्याने ग्रंथालयाचे मोल विसरणे हे तर कृतघ्नपणाचे ठरेल. निजामी राजवटीत उर्दू ही सत्तेची आणि उच्च शिक्षणाची भाषा होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या प्रजेची मुले आपल्याच भाषेला पारखी होत होती. अशा वेळी वाचनालये हीच लोकांची खरी विद्यापीठे झाली. हैदराबादेत १९०१ साली तेलुगू भाषकांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम उभारले. मराठवाड्यातही लोकवर्गणीतून चाललेल्या वाचनालयांनी वृत्तपत्रे, ग्रंथ आणि व्याख्याने यांच्या आधारे लोकजागृतीची ज्योत तेवत ठेवली. तेथे येणारा तरुण केवळ करमणुकीसाठी येत नसे.

त्या जागृतीचे फळ १९३८ साली दिसले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट महाविद्यालयातील आणि उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी शिक्षणावर पाणी सोडण्याची तयारी दाखवली. काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. इंटरच्या वर्गातील ही मुले आजच्या अकरावी-बारावीच्या वयाची होती. पुढे दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. अनंत भालेराव यांनी १९८७ साली ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ लिहून हा इतिहास जपला. दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला ध्वजवंदन होते. पण ध्वजाला मानवंदना देणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला, आपल्याच वयाच्या मुलांनी हे केले होते, याची वाचनीय कथा किती ग्रंथालयांच्या कपाटात सापडेल? ज्याचा इतिहास त्याच्या वयाच्या भाषेत सांगितला जात नाही, तो मुलगा इतिहासाच्या घोषणा देईल, इतिहास समजून घेणार नाही.

पुस्तके आहेत, मागणी नाही

‘किशोरांसाठी मराठीत पुस्तकेच कोठे आहेत?’ असा प्रश्न हमखास पुढे येतो. हा प्रश्न म्हणजे आळसावरचे पांघरूण आहे. शेंद्र्याच्या एखाद्या ग्रंथालयाने किंवा शाळेने यंदा किशोरांसाठी एक कपाट उभे करायचे ठरवले, तर त्याची सुरुवात अशी करता येईल.

तेरा-चौदाच्या उंबरठ्यावरील मुलांसाठी भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे अर्थात फास्टर फेणे आजही तितकाच चपळ आहे. भागवतांनीच ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या. परदेशी साहित्याला दार बंद करण्यापेक्षा ते आपल्या भाषेत आणण्याचा मार्ग त्यांनी दाखवला. त्याच्या शेजारी नवी पुस्तके हवीत. २०२४ साली बालसाहित्य पुरस्कार मिळालेली भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ ही कादंबरी घ्यावी. सासणे यांचा जन्म जालन्याचा, म्हणजे शेंद्र्यावरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या पुढच्या टोकाचा. २०१९ साली याच पुरस्काराचा मान मिळालेले सलीम मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’ घ्यावे. २०१७चा पुरस्कार मिळालेले ल. म. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’ तर या परिसराने आवर्जून वाचावे. धरणाखाली जाणाऱ्या गावातील मुलाचे भावविश्व त्यात आहे. ज्या घरांची शेती औद्योगिक वसाहतीसाठी गेली, मोबदल्याचे पैसे आले पण आजोबा बांधावर जायचे विसरेनात, त्या घरातील नातवाला हे पुस्तक आजोबांची व्यथा समजावून सांगेल.

पंधराव्या वर्षाच्या आसपास जयंत नारळीकर यांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथासंग्रह हाती द्यावा. जागतिक कीर्तीच्या या शास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली आणि आपल्या मोठेपणाचा आधार न घेता पहिले पारितोषिक मिळवले. मराठीतून विज्ञान सांगता येत नाही म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरेसे आहे. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ पासून मराठी घरांत वाचले जात आहे. गुलामगिरीत जन्मलेला मुलगा कृषिशास्त्रज्ञ होऊन मातीला आणि माणसांना कसा उभारी देतो, हे शेतीकडून कारखान्याकडे निघालेल्या पिढीने वाचायलाच हवे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी प्रत्येक अकरावीच्या मुलीपर्यंत पोहोचावी. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी निधन पावलेल्या आनंदीबाईंचे आयुष्य तिला शंभर भाषणांहून अधिक सांगेल.

सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला आता लहान समजू नये. गोनीदांच्या ‘झुंजार माची’सारख्या शिवकालीन कादंबऱ्या त्याला इतिहासाच्या मातीचा गंध देतील. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची ‘बनगरवाडी’ त्याला धनगरवस्तीत आलेल्या तरुण शिक्षकाच्या डोळ्यांनी खेडे दाखवील. मारुती चितमपल्ली यांचे ‘रानवाटा’ त्याला कारखान्याच्या कुंपणापलीकडचे जग उघडून देईल. डॉ. कलामांचे ‘अग्निपंख’ आणि सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ या वयाला पेलतात. फक्त कपाटाचे कुलूप उघडले पाहिजे. ही यादी परिपूर्ण नाही, तशी ती असूही नये. तिच्यात पहिली भर मुलांनीच घालावी.

मागणी कोणी करावी?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. टेबलावर पुस्तके मांडली जातात, छायाचित्रे काढली जातात आणि संध्याकाळी पुस्तके पुन्हा कपाटात जातात. वाचन संस्कृती अशा सोहळ्यांनी उभी राहत नाही. त्यासाठी वर्षभर चिवटपणे मागणी करणारे वाचक लागतात. ग्रंथालयाच्या सभासदाने मागणी नोंदवहीत पुस्तकाचे, लेखकाचे आणि प्रकाशकाचे नाव लिहिले, दहा पालकांनी त्याच नावाला पाठिंबा दिला आणि कार्यकारिणीच्या बैठकीत त्याचे काय झाले हे विचारले, तर मार्चअखेरची खरेदीही वेगळी होते. ग्रंथपाल हा बहुतेक ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर राबणारा माणूस असतो. त्याला दोष देण्यापेक्षा नेमकी यादी देणे अधिक उपयोगाचे. किशोरांसाठी स्वतंत्र कपाट, खरेदीतील ठरावीक वाटा आणि निवड करताना दोन मुले व दोन मुली यांचे मत, एवढ्या तीन मागण्याही पुरेशा आहेत.

जेथे ग्रंथालयच नाही, तेथेही हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने २००९ पासून शंभर पुस्तकांची पेटी सोसायट्यांपासून परदेशातील मराठी मंडळांपर्यंत पोहोचवली. एका गटाची पेटी वाचून झाली की ती दुसऱ्याकडे जाते. शेंद्र्याच्या कामगार वसाहतींत, पाळीच्या वेळा सांभाळून अशी पेटी फिरवणे अशक्य आहे काय? खुद्द छत्रपती संभाजीनगरात रीड अँड लीड फाउंडेशनने २०२१ पासून मुस्लिम मोहल्ल्यांत मुलांसाठी छोटी वाचनालये सुरू केली आणि त्यात पुढाकार घेतला एका शाळकरी मुलीने. चांगल्या कामाचे मोकळ्या मनाने कौतुक करावे आणि मग स्वतःला विचारावे, की जे एका शाळकरी मुलीला जमले ते आपल्या वस्तीतील सुशिक्षितांना का जमू नये? उत्सवाच्या वर्गणीतून मंडपावर जेवढा खर्च होतो, त्याच्या एका लहान अंशात वस्तीतील किशोरांचे कपाट भरेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, अभिनंदनाचे ठराव झाले. पण भाषेचे अभिजातपण शिलालेखांनी सिद्ध होत असले, तरी तिचे आयुष्य वाचकांनी वाढते. जो मुलगा चौदाव्या वर्षी मराठी पुस्तक खाली ठेवतो, तो पुन्हा ते उचलीलच असे नाही. तो मराठी बोलेल, मराठीत भांडेल, मराठी असल्याचा अभिमानही सांगेल. पण विचार करताना त्याला मराठी अपुरी वाटेल, आणि आपल्या मुलाच्या हाती तो मराठी पुस्तक देणार नाही. अशा रीतीने दोन पिढ्यांत एखादी भाषा घरातल्या घरात परकी होते. निजामाला जे फर्मानांनी साधले नाही, ते समाजाच्या अनास्थेने साधू नये.

ऑरिकच्या रस्त्यांवर दिवे लागले आहेत. त्या उजेडात शेंद्र्याच्या मुलांच्या हाती काय असावे, हे ठरवण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. या महिन्याच्या अखेरीस परिसरातील प्रत्येक सजग घराने जवळच्या ग्रंथालयाच्या मागणी नोंदवहीत किशोरांसाठी एका पुस्तकाचे नाव लिहावे. नोंदवही नसेल तर ती ठेवायला लावावी. आणि नाव लिहिताना लेखणी मुलाच्या हाती द्यावी.